स्कॅन लावलं की लॅपटॉप मान टाकतो

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या वाचक घरून भाषांतराचं काम करतात. विंडोजचा लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. ‘एरवी लॅपटॉप ठणठणीत आहे,’ असं त्या लिहितात. टायपिंग, मेल, बँकेचे व्यवहार, सगळं सुरळीत. पण अँटिव्हायरसचं फुल स्कॅन लावलं की तासाभराच्या आत तो बंद पडतो. बहुतेक वेळा निळा पडदा क्षणभर चमकतो आणि वाचायच्या आत मशीन रिस्टार्ट होतं. एक-दोनदा तर पडदाही दिसला नाही, एकदम सगळं बंद. मुलगा म्हणतो, ‘आतला व्हायरस स्कॅन पूर्ण होऊ देत नाही, फॉरमॅट मार.’ मैत्रीण म्हणते, ‘अँटिव्हायरसच मशीन पाडतोय, काढून टाक.’ मध्यंतरी एका अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून दुसरा टाकला, पण पहिला पुरता गेला की नाही ते माहीत नाही. चार महिने स्कॅन केलेलं नाही आणि बँकेचं पान उघडताना दर वेळी छातीत धस्स होतं. फॉरमॅट करू, अँटिव्हायरस काढू, की सरळ नवा लॅपटॉप घेऊ? – धास्तावलेली

उत्तर :

ताई, ‘एरवी लॅपटॉप ठणठणीत आहे’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मुलाचा सल्ला काय आणि मैत्रिणीचा काय, दोन्ही याच वाक्यावर उभे आहेत. एरवी काही होत नाही, स्कॅन लावलं की होतं, म्हणजे दोषी एक तर व्हायरस, नाही तर अँटिव्हायरस. मला आधी या ‘एरवी’कडेच बघायचं आहे.

तुम्ही टाइप करत असता तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. मेमरीचा बराच भाग वापरात नसतो. डिस्कवरच्याही त्याच त्या फायली उघडतात आणि मिटतात. फुल स्कॅन मात्र डिस्कवरची एकूण एक फाइल वाचायला काढतं, आणि अशा फायली लाखांच्या घरात असतात. झिप फाइल दिसली की ती मेमरीत उलगडून आतलं सगळं बघतं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पंखा, वीजपुरवठा, सगळ्यांना एकदम कामाला लावतं, तेही तास-दोन तास सलग. सपाट रस्त्यावर धाप न लागणाऱ्या माणसाला जिना चढताना धाप लागली, तर कुणी जिना पाडायला निघत नाही. तुमच्या लॅपटॉपचा कुठला तरी भाग आधीपासूनच कुरकुरतोय आणि स्कॅन ते उघडं पाडतंय, ही शक्यता मला सगळ्यात मोठी वाटते. तो भाग कोणता हे शोधता येतं, आणि बरंचसं घरबसल्या.

पण आधी चिरंजीवांचं म्हणणं. व्हायरस स्वतःचा जीव वाचवायला मशीन पाडतो ही कल्पना ऐकायला झकास आहे, पण आजच्या व्हायरसांचा धंदा तसा चालत नाही. पासवर्ड चोरायचे, तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी आकडेमोड करायची, फायली कुलूपबंद करून खंडणी मागायची, यातलं काहीही करायला मशीन चालू असावं लागतं आणि मालकाला संशय येऊन चालत नाही. सुरक्षेच्या आड येणारे व्हायरस असतात, पण त्यांची लक्षणं वेगळी. अँटिव्हायरस उघडतच नाही, उघडला तर अपडेट होत नाही, आपोआप बंद होतो, अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळं तेवढी लागत नाहीत. ते अँटिव्हायरसचा गळा धरतात, अख्ख्या मशीनचा नाही. याला अपवादही आहे, तो मुलाच्या बाजूने नोंदवून ठेवते. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक सुरक्षा अपडेट आल्यावर विंडोज एक्सपीच्या बऱ्याच मशिनांवर निळा पडदा येऊ लागला. तपासाअंती कळलं की त्या मशिनांत अल्युरॉन नावाचा रूटकिट, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात लपून राहणारा व्हायरस, आधीच दडून बसला होता. अपडेटने विंडोजच्या गाभ्याची मांडणी बदलली आणि जुन्या मांडणीच्या भरवशावर असलेला रूटकिट उघडा पडला. म्हणजे व्हायरसमुळे मशीन पडलं खरं, पण त्याचाही नाइलाज होता.

मैत्रिणीच्या म्हणण्यात जास्त तथ्य आहे. अँटिव्हायरसला प्रत्येक फाइल उघडण्याआधी तपासायची असते, म्हणून त्याचा एक ड्रायव्हर (विंडोजशी थेट जोडलेला छोटा प्रोग्रॅम) विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसतो. तिथे चूक झाली तर एक प्रोग्रॅम बंद करून भागत नाही. पुढे डेटा बिघडू नये म्हणून विंडोज सगळंच थांबवतं, आणि तोच निळा पडदा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत विंडोजची मशिनं पाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती सुमारे ८५ लाख होती. त्याआधी २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि मशिनं पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहिली. पण या दोन्ही वेळा एकाच दिवशी असंख्य लोकांचं एकदम बिघडलं. तुमचं महिनोन्‌महिने तुमच्याच एकटीचं बिघडतंय. कंपनीचा दोष असता तर एव्हाना बोभाटा झाला असता. तुमच्या बाबतीत अँटिव्हायरस गुंतलेला असेलच तर ‘एक’ म्हणून नाही, ‘दोन’ म्हणून. त्याकडे येतेच.

काहीही करण्याआधी फायलींची नक्कल काढा. डिस्क संशयित आहे, म्हणून एकदम सगळी डिस्क उचलायला जाऊ नका. आधी चालू कामाच्या फायली, मग कागदपत्रं, मग फोटो, अशा क्रमाने बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रोग्रॅम आणि त्यांच्या इन्स्टॉलच्या फायली घेऊ नका, त्या पुन्हा मिळतात आणि व्हायरस असलाच तर बहुधा तिथेच असतो. नक्कल करताना एखाद्या फोल्डरपाशी मिनिटंच्या मिनिटं अडकलं, किंवा ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश आला, तर त्या फोल्डरचं नाव लिहून घ्या. डिस्क ती जागा वाचू शकत नाही, असा त्याचा अर्थ, आणि अर्धं निदान तिथेच झालं. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र तिथेच थांबा, मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. तशा डिस्कवर प्रयोग केले की हाती असलेलंही जातं.

आता तो क्षणभर चमकणारा पडदा. तो वाचता येत नाही कारण मशीन पडल्यावर आपोआप रिस्टार्ट व्हायचं, अशी विंडोजची मूळ सेटिंग असते. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा जागचा हलणार नाही, मोबाइलने फोटो काढा. (नव्या विंडोज ११ मध्ये हा पडदा आता काळा असतो, त्यामुळे काळं दिसलं म्हणजे वीज गेली असं समजू नका. त्यावर अक्षरं आहेत का ते बघा.) खाली स्टॉप कोड असतो, तो कामाचा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आलं तर आधी रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, तपासा. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ म्हणजे विंडोजने डिस्ककडे काही मागितलं आणि ते मिळालं नाही. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’मध्ये हार्डवेअरच आपली तक्रार नोंदवतं, त्यामागे उष्णता, प्रोसेसर किंवा वीज असू शकते. ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ला बरेचदा डिस्कचा ड्रायव्हर कारण असतो. आणि ‘व्हॉट फेल्ड’पुढे एखाद्या फाइलचं नाव आलं तर ते जसंच्या तसं टिपून घ्या. तो ड्रायव्हर तुमच्या जुन्या अँटिव्हायरसचा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मागचे पडदे हुकले म्हणून हळहळू नका. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. तिथे तारखेनुसार लाल फुल्या दिसतील, त्यावर क्लिक करून तपशील बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, जाल तर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद हमखास सापडेल. ती बघून बरेच जण वीजपुरवठा बदलायला धावतात. मशीन नीट बंद न होता परत सुरू झालं, एवढंच ती सांगते, आणि ते तुम्हाला माहीतच आहे. त्याच यादीत ‘डिस्क’ या नावापुढे ७ क्रमांकाची नोंद असेल तर मात्र ती मोलाची. डिस्कवर खराब जागा सापडल्याची ती खबर आहे.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो तुम्हाला आजवर कुणी विचारलेला दिसत नाही. स्कॅन नेहमी एकाच ठिकाणी पडतं, की एकाच वेळेनंतर? स्कॅन चालू असताना बऱ्याच अँटिव्हायरसच्या खिडकीत, तपासल्या जात असलेल्या फाइलचं नाव सरकत असतं. मोबाइल समोर उभा करून त्या खिडकीचं चित्रीकरण चालू ठेवा. पडल्यावर शेवटची चौकट बघा, फाइलचं नाव आणि किती वेळ झाला ते लिहा. असं दोन-तीनदा करा. फाइल किंवा फोल्डर तेच येत असेल तर दोष त्या जागेचा, म्हणजे डिस्कचा किंवा त्या फाइलचा. फाइल दर वेळी वेगळी, पण वेळ साधारण तेवढाच लागत असेल, तर उष्णतेचा संशय घ्या. फाइलही वेगळी, वेळही वेगळा, स्टॉप कोडही दर वेळी नवाच, तर रॅम. हा नियम काही दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

उष्णतेपासून सुरुवात करू, कारण ती तपासणं सोपं. ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ यातलं एक मोफत साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या आणि स्कॅन चालू असताना तापमान बघत बसा. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथवर पोहोचलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला एकदम बंद होतो. तेव्हा निळा पडदा येत नाही. तुम्ही लिहिलेलं ते ‘एकदम सगळं बंद’ इथे बसतं. खात्री करायला अँटिव्हायरसला हातही न लावता एखादा लांबलचक व्हिडिओ दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये बदलायला लावा. त्यानेही लॅपटॉप बंद पडला तर अँटिव्हायरस निर्दोष सुटला.

सहा-सात वर्षांच्या लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं की पंख्याची पाती स्वच्छ दिसतात आणि लोक समाधानाने झाकण लावतात. धूळ असते पंख्याच्या पुढे, हवा जिथून बाहेर पडते त्या धातूच्या बारीक पट्ट्यांच्या आतल्या तोंडाशी. तिथे तिचा दाट करडा थर जमतो, बोटाने सोलून निघावा इतका. पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आणि हवा बाहेरच पडत नाही. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पंख्याचं पातं काडीने धरून ठेवून हवेचे छोटे छोटे झोत मारा. पातं मोकळं सोडलं तर झोताने भरधाव फिरून पंखा बिघडू शकतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (उष्णता बाहेर नेणारा लेप) इतक्या वर्षांत वाळलेली असते, ती बदलायला मात्र सराव लागतो. आणि स्कॅन गादीवर किंवा उशीवर ठेवून करत असाल तर आजपासून टेबलावर.

तुमचं पत्र वाचून माझा पहिला संशय गेला तो मात्र डिस्कवर. फिरणाऱ्या डिस्कवर काही जागा वर्षानुवर्षं कुणी वाचलेल्याच नसतात. कधी तरी टाकलेले फोटो, जुन्या कामांचे गठ्ठे. तिथे खराबी झाली तरी पत्ता लागत नाही, कारण तिकडे कुणी फिरकतच नाही. फुल स्कॅन फिरकतं. मग डिस्क ती जागा पुन्हा पुन्हा वाचू बघते आणि लॅपटॉप गोठल्यासारखा होतो. खराब जागेवर विंडोजच्याच कामाची फाइल असेल तर निळा पडदा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन डिस्कची स्वतःची नोंदवही दाखवतं, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात तीनच ओळी बघा. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’, म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेवर हलवलेले तुकडे. ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयासाठी खोळंबलेले तुकडे. आणि ‘अनकरेक्टेबल’, म्हणजे ज्यांवर डिस्कने हात टेकले ते. तिन्हींच्या शेवटच्या रकान्यातली संख्या शून्य असायला हवी. पेंडिंगमध्ये आकडा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क बदलायची वेळ आली. उलट बाजूही सांगते. वर हिरव्या-निळ्या रंगात ‘गुड’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, चांगल्या नोंदवहीच्या डिस्कही अचानक जातात. आणि नक्कल काढल्याशिवाय, खराब सेक्टर शोधून डेटा परत मिळवणारी ती ‘चेकडिस्क’ नावाची विंडोजची लांब तपासणी चालवू नका. दमलेल्या डिस्कला ती फुल स्कॅनहून जास्त राबवते.

रॅमचं थोडक्यात. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहे, पण ते वरवरचं बघतं. पेन ड्राइव्हवरून चालणारं ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर लावून ठेवा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती जास्तच. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून बघा, दोषी पट्टी सापडते. एरवी का कळत नाही, तर खराब भागापर्यंत तुमचं रोजचं काम पोहोचतच नाही. स्कॅन झिप उलगडायला मेमरी भरत जातं आणि तिथवर पोहोचतं.

आता ते दोन अँटिव्हायरस. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर समजूतदार आहे, दुसरा आला की तो बाजूला होतो. बाहेरचे दोघे मात्र एकमेकांसाठी जागा सोडत नाहीत. एक फाइल उघडली की दोघांचे ड्रायव्हर ती तपासायला झेपावतात, एकाने बाजूला ठेवलेली संशयित फाइल दुसरा तपासू बघतो, आणि फुल स्कॅनमध्ये हे लाखो वेळा घडतं. मुदत संपलेला अँटिव्हायरसही ‘संपत’ नाही, त्याचा ड्रायव्हर जिवंतच असतो. कंट्रोल पॅनेलमधून काढला तरी मागे अवशेष राहू शकतात, म्हणून मोठ्या कंपन्या आपापलं खास काढून टाकण्याचं साधन स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. तेच वापरा, इंटरनेटवरचं दुसरं कुठलं नको. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही काढा, रिस्टार्ट करा आणि डिफेंडर आपोआप जागा झाला की नाही ते ‘विंडोज सिक्युरिटी’त बघा. मग स्कॅन लावा. पार पडलं, तर मैत्रिणीला फोन करून अर्धे गुण द्या.

तरीही व्हायरसची शंका डोक्यातून जात नसेल, आणि अशी शंका सल्ल्याने जात नाही हे मला माहीत आहे, तर ‘विंडोज सिक्युरिटी’तल्या स्कॅनच्या पर्यायांत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ आहे. लॅपटॉप रिस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. विंडोज झोपलेलं असताना त्यात दडलेल्या व्हायरसलाही हातपाय हलवता येत नाहीत. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेलं असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. या तपासणीचा दुहेरी फायदा आहे. ती पार पडली आणि काही सापडलं नाही तर मुलाची बाजू बरीच लंगडी पडते. ती चालू असतानाही लॅपटॉप पडला तर विंडोजमधले ड्रायव्हर आणि ते दोन्ही अँटिव्हायरस त्या वेळी जागेच नव्हते, म्हणजे बोट थेट हार्डवेअरकडे जातं.

मग तुमचे तीन पर्याय. फॉरमॅटने ड्रायव्हरांचे अवशेष जातात, विंडोजच्या बिघडलेल्या फायली नव्या होतात. (फक्त त्या फायलींचीच शंका असेल तर ‘डीआयएसएम’ आणि मग ‘एसएफसी’ या विंडोजच्याच दोन दुरुस्ती-आज्ञा आधी चालवा, फॉरमॅटची गरज पडेलच असं नाही.) पण धूळ, खराब सेक्टर, खराब रॅम यांना फॉरमॅटचं काही सोयरसुतक नाही. उलट खराब रॅमवर नवं विंडोज टाकलं तर ते जन्मतःच बिघडलेलं असू शकतं, आणि मग ‘फॉरमॅट करूनही तेच’ म्हणत आणखी महिना जातो. म्हणून फॉरमॅट शेवटी, डिस्क आणि रॅम निर्दोष ठरल्यावर.

अँटिव्हायरस काढून टाकणं आणि त्या जागी काहीच न ठेवणं हा पर्याय मी विचारातही घेणार नाही. नवा लॅपटॉप मात्र अगदीच नाकारत नाही. दोष डिस्कचा निघाला तर नुसता एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या पद्धतीची डिस्क, बसवा, लॅपटॉप पडायचा थांबेलच आणि आजवर कधी नव्हता एवढा चपळ होईल. मदरबोर्डपर्यंत, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीपर्यंत, गाडी गेली तर या वयाच्या मशीनवर खर्च करण्यात अर्थ नाही. आणखी एक बघा. त्यावर विंडोज १० असेल, तर त्याला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मशीन विंडोज ११ घेऊ शकत नसेल, तर स्कॅन पडो वा न पडो, बदलाचा विचार करावाच लागेल.

चार महिने फुल स्कॅन केलं नाही याची जी टोचणी तुम्हाला लागली आहे, ती मात्र सोडून द्या. दर आठवड्याला फुल स्कॅन व्हायलाच हवं हा जुन्या काळाचा दंडक आहे. आज अँटिव्हायरसचा खरा पहारा सतत चालू असतो, फाइल उघडतानाच ती तपासली जाते. नेमाने करायला क्विक स्कॅन पुरेसं आहे, मायक्रोसॉफ्टचीही हीच शिफारस आहे. व्हायरस सुरू होताना जिथून सुरू होतात त्या जागा आणि चालू मेमरी ते बघतं. फुल स्कॅन लागतं ते काही सापडल्यावर, किंवा संशयाला ठोस कारण असल्यावर. तेव्हा ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे आणि अपडेट आजचे आहेत, एवढं आज बघा.

एक मोह टाळा. काही अँटिव्हायरसमध्ये स्कॅनने प्रोसेसर किती वापरावा यावर मर्यादा घालता येते. ती घातली की स्कॅन रखडत का होईना पार पडेल आणि हायसं वाटेल. पण तापणारा लॅपटॉप तापतच राहील आणि पुढच्या वेळी तुमचं भाषांतर अर्ध्यात असताना बंद पडेल. कारण सापडेपर्यंत ही मर्यादा घालू नका.

बँकेचे व्यवहार ऑफलाइन स्कॅन होईपर्यंत मोबाइलवरून करा. त्यात काही सापडलं, तर बँक आणि मेल या दोन्हींचे पासवर्ड त्या लॅपटॉपवरून नव्हे, दुसऱ्या उपकरणावरून बदला.

आणि प्रकरण दुरुस्तीवाल्याकडे गेलंच, तर ‘स्कॅन केलं की बंद पडतो’ एवढंच सांगू नका, कारण त्यावर ‘फॉरमॅट करून देतो’ हेच उत्तर मिळेल. पडद्याचा फोटो, शेवटच्या फाइलचं नाव, स्कॅन चालू असतानाचं तापमान आणि स्मार्टमधले ते तीन आकडे एका कागदावर लिहून द्या. फॉरमॅटच्या आधी डिस्क आणि रॅम तपासून त्याचा निकाल मला दाखवा, असं स्पष्ट सांगा. लॅपटॉप हातात देण्याआधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाका आणि मेलमधून साइन आउट करा. दुरुस्तीसाठी त्यांना तुमचा बँकेचा किंवा मेलचा पासवर्ड कधीच लागत नाही, मागितला तर देऊ नका.